सोंग अंगवळणी पडतं तेव्हा

पहिल्या अंकाचं शेवटचं पान येईपर्यंत संशय घ्यावा असं काही घडत नाही. न्यूयॉर्कची पडझड झालेली आहे. शहराचे नेहमीचे रक्षणकर्ते, म्हणजे ॲव्हेंजर्स आणि फँटॅस्टिक फोर, एका भयंकर लढाईत गेलेले आहेत. लुटारूंना रान मोकळं मिळालेलं आहे. अशात सहा अनोळखी वीर रस्त्यावर उतरतात. तलवारबहाद्दर सिटिझन व्ही त्यांचा म्होरक्या. इमारतीएवढा वाढणारा ॲटलस, चिलखत घालून उडणारा मॅक-वन, पाठीवरच्या यंत्रातून हवं ते हत्यार काढणारा टेक्नो, आवाजाला घट्ट आकार देऊन त्याचेच पंख करणारी साँगबर्ड आणि भिंतीतून आरपार जाणारी मिटिऑराइट. तुकडीचं नाव थंडरबोल्ट्स. लोक टाळ्या वाजवतात, वार्ताहर मागे लागतात, वाचकही मनातल्या मनात या नव्या मंडळींना पास करून टाकतो.

मग हे सहा जण आपल्या अड्ड्यावर परततात. आता बघणारं कुणी नसतं. मुखवटे उतरतात आणि सिटिझन व्हीच्या वेषातून बाहेर येतो बॅरन हेल्मुट झेमो, कॅप्टन अमेरिकाचा हाडवैरी. उरलेले पाच जण म्हणजे त्याची जुनी टोळी, मास्टर्स ऑफ ईव्हिल. ॲटलस हा गोलायथ, मॅक-वन हा बीटल, टेक्नो हा फिक्सर, साँगबर्ड ही स्क्रीमिंग मिमी आणि मिटिऑराइट ही मूनस्टोन. रक्षणकर्ते मेले, लोकांना नवे हवेत, तर ते आपणच का होऊ नये, असा साधा आणि थंड डोक्याचा बेत. आधी विश्वास मिळवायचा, मग सरकारच्या तिजोऱ्या आणि गुपितं, आणि शेवटी जग.

मार्व्हल कॉमिक्सचा हा अंक १९९७च्या फेब्रुवारीत दुकानांत आला. मुखपृष्ठावरची तारीख एप्रिलची होती, कारण अमेरिकन कॉमिक्सवर विक्रीच्या महिन्यापुढची तारीख छापण्याची जुनी रीत आहे. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार मार्क बॅगली, संपादक टॉम ब्रेव्हुर्ट. गुपित फुटू नये म्हणून केलेली व्यवस्था आजही कौतुक करण्याजोगी वाटते. थंडरबोल्ट्सची पहिली ओळख त्यांच्या स्वतःच्या अंकात झालीच नव्हती. जानेवारी १९९७ची तारीख असलेल्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’च्या ४४९व्या अंकात, म्हणजे पीटर डेव्हिडने लिहिलेल्या आणि माइक डिओडाटोने चित्रं काढलेल्या दुसऱ्याच मालिकेत, ही तुकडी पाहुणी म्हणून येऊन हल्कशी दोन हात करून गेली. तिथेही मुखवटा जागचा हलला नाही. त्यामुळे स्वतःचा अंक निघाला तेव्हा वाचकांच्या लेखी हे ओळखीचे चेहरे झाले होते. वीरपणाचं सोंग झेमोने घेतलं ते कथेत, पण त्याच्या आधी ते प्रकाशकाने बाजारात घेतलं होतं, आणि न्यूयॉर्ककरांइतकाच वाचकही फसला.

या बनावाला जागा कशी मिळाली, ती हकीकत कथेइतकीच नाट्यमय आहे. १९९६च्या ‘ऑनस्लॉट’ या महाकथेत मार्व्हलने आपले बिनीचे वीर मारले. प्रत्यक्षात कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, ॲव्हेंजर्स आणि फँटॅस्टिक फोर या चार मालिका जिम ली आणि रॉब लायफेल्ड या बाहेरच्या चित्रकारांच्या स्टुडिओंना वर्षभरासाठी देऊन टाकल्या होत्या. खप घसरला होता, कंपनी कर्जात बुडाली होती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, तशातली गत. २७ डिसेंबर १९९६ रोजी मार्व्हलने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मोठे वीर भाड्याने गेलेले, घरात उरले ते दुय्यम खलनायक. ब्युसिकने त्यांच्यावरच मालिका उभी केली.

दुय्यम म्हणजे किती दुय्यम, ते बघण्यासारखं आहे. बीटल, म्हणजे ॲबनर जेन्किन्स, १९६४पासून मार खात आला होता. फिक्सर १९६६पासून. एरिक जोस्टेन, म्हणजे आताचा ॲटलस, १९६५मध्ये पॉवर मॅन या नावाने आला, पुढे गोलायथ झाला, आणि दोन्ही नावांनी हरला. स्क्रीमिंग मिमीची सुरुवात बायकांच्या कुस्तीच्या एका टोळीतून झाली होती. अंगात विलक्षण शक्ती असूनही तीस-तीस वर्षं दर लढाईच्या शेवटी तुरुंगाच्या गाडीत बसणारी ही माणसं. त्यांना एकदाच काय ते यश मिळालं, ते १९८६–८७मध्ये, रॉजर स्टर्नने लिहिलेल्या ‘अंडर सीज’ या कथेत. त्यात झेमोच्या टोळीने ॲव्हेंजर्सचा वाडाच ताब्यात घेतला आणि जार्व्हिस या म्हाताऱ्या खानसाम्याला बेदम मारलं. मूनस्टोन, फिक्सर, मिमी आणि गोलायथ हे चौघेही त्या टोळीत होते. रेकिंग क्रू नावाचे चार दांडगटही होते. थंडरबोल्ट्सच्या पहिल्या अंकात हे ‘वीर’ लोकांसमोर ज्यांना लोळवतात, ते नेमके हेच रेकिंग क्रू. म्हणजे जुन्या भागीदारांना चोपून त्यांनी नव्या धंद्याची बोहनी केली. पहिल्या वाचनात ही साधी मारामारी वाटते. शेवटचं पान वाचून मागे आल्यावर तिचा रंग बदलतो.

सिटिझन व्हीच्या वेषाची गोष्ट आणखी कडू आहे. हे पात्र ब्युसिकने नव्याने घडवलेलं नाही. १९४०च्या दशकात, मार्व्हलचं नाव टाइमली होतं तेव्हा, नाझींशी लढणारा सिटिझन व्ही खरोखर एका कॉमिकात होता. ब्युसिकने त्याला असा इतिहास दिला की, त्या मूळ वीराला हेल्मुटच्या बापाने, नाझी शास्त्रज्ञ हाइनरिख झेमोने, ठार मारलं होतं. मुलगा आता त्याच मयताचे कपडे घालून लोकांचे जयजयकार घेतो आणि मनात हसतो. विशेष म्हणजे त्याच्या बेताला या वेषाची मुळीच गरज नव्हती. कुठलंही नवं नाव चाललं असतं. ही निवड निव्वळ मस्तीची आहे, आणि झेमो कसा माणूस आहे हे तिच्यातून जितकं कळतं तितकं त्याच्या लांबलचक भाषणांतून कळत नाही.

पण शेवटचं पान हीच या मालिकेची कमाई, असं जे सहसा सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. धक्का एका पानाचा होता. दुसऱ्या अंकापासून वाचकाला सगळं माहीत आहे आणि शहराला काहीच माहीत नाही. तेव्हापासून बाराव्या अंकापर्यंत ब्युसिक एकच प्रश्न कुरतडत राहतो: माणूस वर्षभर चांगुलपणाची नक्कल करत राहिला तर त्याचं काय होतं? त्याचं उत्तर सहा जणांच्या बाबतीत सहा प्रकारचं येतं, आणि मालिका टिकली ती त्यामुळे.

ॲटलससारख्या धिप्पाड, थोड्या भोळ्या गड्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आभार मानलेले दिसतात. महापौरांच्या कचेरीतून या तुकडीशी संपर्क ठेवणारी डॅलस रिऑर्डन त्याच्याशी आपुलकीने बोलते आणि तो विरघळतो. साँगबर्ड आणि मॅक-वन एकमेकांच्या जवळ येतात. आजवर दोघांनाही कुणी टोळीबाहेर विचारलेलं नसतं. मेलिसा गोल्ड हे साँगबर्डचं खरं नाव. तिच्या जुन्या नावातच किंचाळी होती, आवाज हे तिचं हत्यार होतं आणि तो आवाजही तिने गमावला होता. फिक्सरने तिच्या गळ्याला नवं यंत्र बसवलं ते बेताचा भाग म्हणून. त्या यंत्रातून निघणाऱ्या आवाजाचे बॅगली चौकटभर गुलाबी पंख काढतो. गुन्ह्यासाठी बनवलेल्या यंत्राला त्याने मालिकेतलं सगळ्यांत देखणं रूप दिलं, आणि वाचक आपोआप मेलिसाच्या बाजूला सरकला.

आणि मग जोल्ट. हॅली ताकाहामा ही शाळकरी पोर. आई-बाप ऑनस्लॉटच्या हल्ल्यात गेलेले, तिच्यावर अर्निम झोला या शास्त्रज्ञाने प्रयोग केलेले. चौथ्या अंकात ती मदत मागत थंडरबोल्ट्सच्या दारात येते आणि तुकडीत सामील होते. या सगळ्यात खरी वीर एवढी एकच, आणि तिलाच काही ठाऊक नाही. तिच्यासमोर सगळ्यांना चोवीस तास सोंग वठवावं लागतं. बाहेर टाळ्या घेऊन घरी मुखवटा उतरवण्याची सोय गेली. हा ब्युसिकचा फार हुशारीचा डाव आहे. चारचौघांत चांगलं वागणं सोपं असतं. आपल्यावर श्रद्धा असलेलं पोर घरात वावरत असताना जेवणाच्या टेबलावर, जिन्यात, सराव करताना खोटं वागत राहणं माणसाला पोखरतं. तिला सत्य कळेल या धास्तीने जे संवाद अर्धवट तुटतात, ते मारामाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात.

नवव्या अंकात ब्लॅक विडो येते. एके काळची रशियन हेर, नंतर ॲव्हेंजर. ती साँगबर्ड आणि मॅक-वनला जुनी गोष्ट सांगते: १९६५मध्ये ॲव्हेंजर्सच्या सोळाव्या अंकात मूळ मंडळी निघून गेली आणि कॅप्टन अमेरिकाच्या हाताखाली तीन नवे आले. हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच. तिघांचीही सुरुवात खलनायक म्हणून झाली होती. लोकांनी नाकं मुरडली, तरी ते टिकले. ती गोष्ट ऐकणाऱ्या दोघांचे चेहरे बॅगलीने काढले आहेत ते पाहावेत. विडोला सगळं कळून चुकलं आहे की काय, ही शंका त्यांना छळते. त्याहून जास्त छळतो तो दुसरा विचार: म्हणजे असंही होऊ शकतं?

झेमोला हे दिसत नाही असं नाही. आणि इथे ब्युसिक असं वळण घेतो की त्यापुढे पहिल्या अंकाचा धक्का फिका पडावा. दहाव्या अंकात थंडरबोल्ट्सचं बिंग फुटतं. ते कुणी कसलेला गुप्तहेर फोडत नाही, झेमो स्वतः फोडतो. मेले असं वाटलेले खरे वीर परतण्याच्या बेतात आहेत, आणि आपली माणसं सोंगात रमू लागली आहेत. त्यांना परत आपल्या दावणीला बांधायचं तर त्यांचे परतीचे दोर कापायला हवेत. उद्या शहराने त्यांना हाकललं की ती जाणार कुठे? वर्षभर ज्या मुखवट्यासाठी एवढा आटापिटा केला, तो त्याच्याच मालकाला डोईजड होतो आणि तो घाईघाईने फाडून टाकतो. खलनायकाने चांगुलपणाला घाबरल्याची इतकी सरळ कबुली कॉमिक्समध्ये क्वचितच सापडेल.

अकराव्या-बाराव्या अंकांत तो जगाचं मन ताब्यात घेण्याचं यंत्र चालू करतो. परतलेले ॲव्हेंजर्स आणि फँटॅस्टिक फोरही त्या यंत्राचे गुलाम होतात आणि थंडरबोल्ट्सवर सोडले जातात. जग वाचवायला उरतात ते हेच बदनाम लोक. टेक्नो झेमोकडे राहतो. सातव्या अंकात मान मोडून मेल्यावर त्याने आपलं मन यंत्रात ओतून घेतलेलं असतं, त्यामुळे टाळ्यांनी हुरळून जाणारं असं त्याच्यात फारसं काही उरलेलंच नाही. साँगबर्ड, मॅक-वन आणि जोल्ट उलटतात. आणि उलटते मूनस्टोनही, पण तिची कारणं तिलाच ठाऊक.

ही कार्ला सोफन म्हणजे या मालिकेतलं सर्वांत भेदक पात्र. व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. तिला शक्ती देणारा चंद्रखडा तिने आपल्याच एका रुग्णाला बोलण्यात गुंगवून त्याच्याकडून काढून घेतला होता. सोंग घेताना ती इतरांसारखी गोंधळत नाही, कारण तिच्या लेखी सगळंच सोंग आहे. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे एका नावातून दुसऱ्या नावात ज्या बिनदिक्कत सराईतपणाने शिरतो, तीच ही जात. जोल्टवर ती माया करते तेव्हा ती खरी की कामापुरती? ब्युसिक याचं उत्तर देत नाही, आणि ते बरंच आहे. सगळेच सुधारले असते तर ही मालिका शाळेच्या क्रमिक पुस्तकातल्या धड्यासारखी झाली असती.

जुने अंक चाळले तर लक्षात येतं की झेमोचा बेत त्याच्या बापाचाच होता. ऑक्टोबर १९६४च्या ‘ॲव्हेंजर्स’च्या नवव्या अंकात हाइनरिख झेमोने सायमन विल्यम्स नावाच्या माणसाला शक्ती दिली, वंडर मॅन हे नाव दिलं आणि वीर म्हणून ॲव्हेंजर्समध्ये घुसवलं. ऐन वेळी त्या माणसाला आपल्याशी चांगलं वागलेल्यांचा घात करवेना. तो उलटला आणि अंकाच्या शेवटी गेला. कथा स्टॅन लीची, एका अंकात सुरू होऊन तिथेच संपलेली. बापाला एका माणसावर जो अनुभव आला, तोच मुलाने पाच जणांवर घेतला. पुढे तर मौज आहे: ॲटलसच्या अंगातली शक्ती बापाच्या त्याच यंत्रातून आलेली होती.

उलट बाजूचं उदाहरण डीसी कॉमिक्सने आधीच घडवून ठेवलं होतं. मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘न्यू टीन टायटन्स’मध्ये १९८२च्या अखेरीस टेरा ही पोरसवदा मुलगी आली. हडकुळी, दात थोडे पुढे आलेले, तोंडाने फटकळ. सुपरहिरोंच्या देखण्या जगात अशी मुलगी दिसली की वाचक तिला आपसूक पाठीशी घालतो, आणि लेखक-चित्रकारांनी नेमकं हेच हेरलं होतं. ती टायटन्सच्या शत्रूची, डेथस्ट्रोकची, हेर निघाली. १९८४च्या ‘द जूडास कॉन्ट्रॅक्ट’मध्ये तिने आपल्या मित्रांना त्याच्या हवाली केलं. त्या मित्रांनी वर्षभर लावलेला जीव तिच्या अंगाला चिकटलाच नाही. शेवटी स्वतःच ओढवलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली ती मेली. टेरा आणि साँगबर्ड यांचे अंक एकापाठोपाठ वाचले तर संगतीने माणूस बदलतोच, असं छातीठोकपणे म्हणायची हिंमत होत नाही. वुल्फमनने ते नाकारलं, ब्युसिकने मान्य केलं, आणि दोघांच्याही कथा पटतात.

थंडरबोल्ट्सच्या बाबतीत एक गोष्ट मात्र ब्युसिकने सोडून दिली नाही. जग वाचवलं म्हणून हिशेब मिटत नाही. १९९८च्या अखेरीस हॉकआय, तोच विडोच्या गोष्टीतला माजी गुन्हेगार, या तुकडीचा नेता व्हायला तयार होतो, पण एका अटीवर. बीटल असताना ॲबनर जेन्किन्सच्या हातून खून झालेला आहे. त्याने तुरुंगात परत जायचं. साँगबर्डचा जीव तुटतो, तरी ॲबनर जातो. सुपरहिरो कॉमिक्समध्ये मेलेली माणसं सर्रास परत येतात, शहरं महिन्याभरात पुन्हा बांधून होतात. तिथे एखाद्याने जुन्या गुन्ह्याची शिक्षा भोगायला निमूट चालू लागणं हा प्रसंग वेगळाच उठून दिसतो. या मालिकेतली सगळ्यांत धाडसाची चौकट कोणती असं विचारलं, तर मुखवट्यांच्या पानापेक्षा याच पानाला मत द्यावंसं वाटतं.

ब्युसिकने तेहतिसाव्या अंकानंतर लेखणी फाबियन निसिएझाकडे दिली. बॅगली पन्नासाव्या अंकापर्यंत राहिला आणि तोवर त्याने ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ही सुरू केलं होतं. नंतरच्या लेखकांनी या कल्पनेची दिशाच फिरवली. २००७मध्ये वॉरेन एलिसने थंडरबोल्ट्सना सरकारी नोकर केलं: गळ्यात पट्टा घातलेले खुनी, फरार वीरांची शिकार करणारे, आणि त्यांचा साहेब नॉर्मन ऑस्बर्न, म्हणजे जुना ग्रीन गॉब्लिन. २००९च्या ‘डार्क ॲव्हेंजर्स’मध्ये ब्रायन मायकल बेंडिसने याच ऑस्बर्नला देशाच्या सुरक्षेचा प्रमुख करून टाकलं. त्याने बुल्सआय या मारेकऱ्याला हॉकआयचे कपडे चढवले, व्हेनमला स्पायडर-मॅन केलं, स्वतः आयर्न पेट्रियट झाला. मिस मार्व्हलच्या पोशाखात होती पुन्हा मूनस्टोन, बारा वर्षांनी नव्या सोंगात. चित्रं माइक डिओडाटोची, त्याच चित्रकाराची, ज्याने हल्कच्या अंकात थंडरबोल्ट्सना पहिल्यांदा कागदावर आणलं होतं. इथे वाचकापासून काहीच लपवलेलं नाही. भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: टीव्हीवर एका नेमक्या क्षणी नेमकी गोळी झाडताना दिसलेल्या ऑस्बर्नसारख्या माणसाच्या हाती लोक सगळं सोपवून मोकळे होतात, आणि कपडे ओळखीचे असले की आत कोण आहे हे कुणी विचारत नाही.

मे २०२५मध्ये आलेल्या चित्रपटाने ‘थंडरबोल्ट्स’ या नावापुढे एक छोटी फुली लावली होती. आठवडा उलटायच्या आत ती का होती हे स्टुडिओने स्वतःच उघड केलं आणि पोस्टरांवर ‘न्यू ॲव्हेंजर्स’ हे नाव चढवलं. तुकडी निराळी, झेमोचा बेतही त्यात नाही, तरी नावाखाली दुसरं नाव दडवण्याची ही खोडी १९९७च्या घराण्यातलीच म्हणायची. फरक एवढाच की ब्युसिकचा पहिला अंक ज्या अजाणतेपणाने वाचला गेला, तसा तो आता कुणाला वाचता येणार नाही. पुस्तकाच्या पाठीवरच्या चार ओळीच सगळं सांगून टाकतात.

कॉमिकातली मंडळी मात्र आपापल्या वाटेने पुढे गेली. मेलिसा खरोखर ॲव्हेंजर्समध्ये दाखल झाली. ॲबनर सुटल्यावर मॅक-टू झाला, मग तीन, चार, पाच. दर नव्या चिलखतागणिक आकडा चढत मॅक-एक्सपर्यंत पोचला. बीटल हे त्याचं जुनं नावही रिकामं पडून राहिलं नाही. टूमस्टोन नावाच्या गुंडाची मुलगी, जॅनिस लिंकन, ते घेऊन गुन्हे करू लागली, आणि त्या नावाखाली तिने आणखी चार भुरट्यांबरोबर २०१३मध्ये एका स्वतंत्र विनोदी मालिकेत कामही मिळवलं.